थंडी, तापीचा पूल आणि बधिर झालेली बोटं

(ही एपिसोडची लिखित प्रत. ऐकायला वेळ नसेल किंवा एसटीत बसल्यावर इअरफोन घरीच राहिल्याचं लक्षात आलं असेल, तर वाचा. मी जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मी चोपड्याहून बोलतोय. अंगणात शेकोटी विझत आलीये, मायने दोनदा आत यायला हाक मारून झालीये, आणि मी डोक्याला मफलर गुंडाळून माइकसमोर बसलोय. मधेच कुत्री भुंकली तर सांभाळून घ्या, त्यांनाही थंडी वाजतेय.

आजचा विषय साधा आहे. थंडीत मोटरसायकल चालवताना अंगात ऊब कशी ठेवायची आणि अंग कोरडं कसं ठेवायचं.

आता पुण्या-मुंबईकडचे काही जण हसतील. म्हणतील, खान्देशात कसली थंडी? तुम्ही उन्हाळ्यावर बोला. बरोबर आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि जळगाव म्हटलं की लोकांना तेच आठवतं. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून वारं सुटलं की हेच जळगाव ८-९ अंशांवर येतं, कधी त्याहीखाली. सातपुड्याच्या पायथ्याला तर विचारूच नका. लासूर, सत्रासेनकडचे ऐकणारे असतील तर ते आत्ता मान हलवत असतील.

आणि मी बोलतोय ते अनुभवाने. माझं काम केळीचं आहे. व्यापाऱ्याकडे सुपरवायझर आहे. ज्या बागेत कापणी असेल तिथे मजुरांच्या आधी मी हजर पाहिजे. म्हणजे हिवाळ्यातली जवळजवळ प्रत्येक पहाट गाडीवर. आज अडावद, उद्या धानोरा, परवा तापीकाठचं एखादं गाव. आठवा हिवाळा आहे हा माझा.

पण पहिली पाच वर्षं मी चुकीचंच करत होतो. ती चूक मला महागात पडली नाही, माझ्या बहिणीला पडली. म्हणून हा एपिसोड.

त्या दिवशी काय झालं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचेच दिवस. धाकट्या बहिणीची टायपिंगची परीक्षा होती जळगावला. मराठी ३० शब्द प्रति मिनिट. ज्यांना लिपिकाच्या जागांसाठी फॉर्म भरायचा असतो त्यांना माहितीये हे सर्टिफिकेट काय असतं. बाकी सगळं असलं आणि हे नसलं की फॉर्म पुढे सरकत नाही.

सकाळची पहिलीच बॅच. आबा म्हणाले, आदल्या दिवशी एसटीने जा, मावशीकडे मुक्काम करा. मी म्हटलं, कशाला? गाडी आहे ना. साधारण ५५ किलोमीटर तर आहे. अडावद, धानोरा, विदगाव, तापी ओलांडली की जळगाव. दीड तासात पोचवतो.

पावणेसहाला निघालो. मी घातलं होतं सुती बनियन, सुती शर्ट आणि वरून लोकरीचा स्वेटर. हात उघडे. बहिणीने ड्रेसवर स्वेटर आणि शाल घेतलेली. निघताना माय म्हणाली, "कानले बांध रे भाऊ, आनि तिले हातमोजा दे." मी म्हटलं, काही होत नाही माय. आपल्याला सवय आहे.

हे "आपल्याला सवय आहे" वाक्य लक्षात ठेवा. पुढे परत येणार आहे.

अडावदपर्यंत ठीक होतं. धानोऱ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रात्रभर पाणी चाललेलं. तिथे गारवा एकदम अंगावर आला. विदगावच्या अलीकडे धुकं सुरू झालं. तापीजवळ तर समोरचं काही दिसेना. आणि त्या धुक्यात अचानक उसाने भरलेली ट्रॉली समोर. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मी ब्रेक दाबायला गेलो आणि माझी बोटं वळलीच नाहीत.

म्हणजे मला कळत होतं की ब्रेक दाबायचाय. डोक्यातून हुकूम सुटला होता. पण बोटं लाकडासारखी. पायाचा ब्रेक लागला, गाडी थोडी घसरली, ट्रॉलीच्या बाजूने कशीबशी निघाली. उसाचं एक टिपरं माझ्या खांद्याला घासून गेलं.

दोघंही काही बोललो नाही. केंद्रावर पोचलो. वेळेत पोचलो, उलट वीस मिनिटं आधीच. मला वाटलं, जिंकलो.

पण बहीण अख्खा रस्ता एका हाताने मागची दांडी धरून होती, आणि दुसऱ्या हातात हॉलतिकिटाची प्लास्टिकची फाइल. दोन्ही हात वाऱ्यात. तो दीड तास मी एकदाही मागे वळून विचारलं नव्हतं.

परीक्षा झाली. बाहेर आली ती रडत नव्हती, पण चेहरा पडलेला. म्हणाली, "दादा, शिफ्टची कळ दाबली की नाही तेच कळत नव्हतं. बोटं माझी नव्हतीच. शेवटी शेवटी मोकळी झाली, पण तोवर वेळ संपला."

थोडक्यात राहिली ती. पुढच्या परीक्षेला निघून गेली, चांगल्या वेगाने. पण मधल्या काळात ज्या जाहिरातीची ती वर्षभर वाट बघत होती, ती येऊन तिची मुदत संपूनही गेली. सर्टिफिकेट हातात नव्हतं.

तिने मला कधी बोल लावला नाही. ते जास्त लागतं.

केळीला कळतं ते आपल्याला कळत नाही

यानंतर मी जरा नीट विचार करायला लागलो. आणि गंमत बघा, उत्तर रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं, बागेत.

पारा १० च्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, निसवण अडते. मग आपला शेतकरी काय करतो? बागेभोवती शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ लावतो. कशासाठी? वारं अडवायला. घडाला स्कर्टिंग बॅग घालतो. जास्तच थंडी पडली तर रात्री बागेला विहिरीचं पाणी देतो, कारण ते हवेपेक्षा कोमट असतं, आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो.

म्हणजे केळीच्या घडाला आपण पिशवी घालतो, आणि तोच घड बघायला स्वतः उघड्या छातीने ६० च्या स्पीडने जातो!

वाऱ्याचा खेळ समजून घ्या. आपल्या अंगाभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारं तो थर उडवून लावतं. अंग परत थर तयार करतं, वारं परत उडवतं. गाडीवर हे सतत चालू असतं. बाहेर वाऱ्याची झुळूकही नसली तरी तुम्ही ६० ने निघालात की तुमच्यासाठी ताशी ६० किलोमीटरचं वारं सुटलंच.

याचं गणित आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ पासून एक सूत्र वापरात आणलंय, त्यात तापमान आणि वाऱ्याचा वेग टाकला की उघड्या कातडीला किती थंड वाटेल ते निघतं. मी मोबाइलवर करून बघितलं. तापमान ८ अंश आणि वेग ६०, तर जाणवतं साधारण २ अंश. म्हणजे फ्रिजमध्ये हात घालून दीड तास बसल्यासारखं. वेग ४० वर आणला तरी जाणवतं ३ अंशांच्या आसपास. म्हणून नुसतं हळू चालवून भागत नाही. वारं अडवावंच लागतं.

आणि "सवय" म्हणाल, तर सवय मनाला होते, बोटांना होत नाही. थंडी वाजली की शरीर आधी काळीज, फुप्फुसं, मेंदू सांभाळतं. त्यासाठी हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे छाती गार पडली की शिक्षा बोटांना. हे उलटही खरं आहे. छाती-पोट उबदार ठेवलं तर अर्धं काम हातमोजे घालायच्या आधीच झालं.

अंगावर काय घालायचं

तीन थर. लक्षात ठेवायला सोपं.

सगळ्यात आत, अंगाला चिकटून: पातळ पॉलिस्टरची जर्सी. हो, तीच व्हॉलीबॉलच्या टूर्नामेंटला मिळालेली, मागे नाव छापलेली. सुती बनियन नको. आता हे बोलताना मला कसंतरी होतं, कारण आपण कापूस पिकवणारी माणसं. पण कापूस पाणी धरून ठेवतो. गाडी काढताना, किक मारताना, बागेत घड उचलताना घाम येतो. तो बनियनमध्ये मुरतो आणि मग गाडीवर बसलात की ओलं फडकं छातीला बांधल्यासारखं होतं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. कोरड्या कापसाइतकं छान काही नाही, पण ओला कापूस वैरी.

मधे: लोकर किंवा फ्लीस. आजीने विणलेला स्वेटर असेल तर सोनं. लोकर जरा दमट झाली तरी ऊब सोडत नाही. हा थर हवा धरून ठेवतो, म्हणून तो घट्ट नको. दोन स्वेटर कोंबून घातले की मधली हवा दाबली जाते आणि हात वळत नाहीत.

सगळ्यात वर: वारं न शिरणारं काहीतरी. विंडचीटर, रेक्झिनचं जॅकेट, आणि यातलं काही नसेल तर पावसाळ्यातला रेनकोट. खरं सांगतो, माझा सगळ्यात मोठा शोध हाच. जूनमध्ये घेतलेला रेनकोट ऑक्टोबरात माळ्यावर टाकू नका. लोकरीच्या स्वेटरमधून वारं चाळणीसारखं आरपार जातं. त्याच स्वेटरवर रेनकोट चढवला की माणूस बदलतो. बागेत पोचलात की काढून डिकीत टाका, नाहीतर आत घाम साचेल.

आणि काहीच नसेल तर? पेपर. कालचा पेपर घ्या, चार पदर करा, स्वेटर आणि शर्टच्या मधे छातीवर सारा. पोटापर्यंत येऊ द्या. हसू नका. फ्रान्समधल्या त्या प्रसिद्ध सायकल शर्यतीत, टूर द फ्रान्समध्ये, डोंगर चढून घामाघूम झालेले खेळाडू उतारावर सुटण्याआधी जर्सीत पेपर कोंबत आलेत. आपले दूधवालेही करतात. जळगावला पोचल्यावर काढून वाचताही येतो.

गळा विसरू नका. शर्टच्या गळ्यातून आणि चेनच्या फटीतून वारं थेट छातीवर उतरतं. मफलर बांधा, पण त्याची टोकं जॅकेटच्या आत. मोकळं टोक, ओढणी, शाल यातलं काहीही मागच्या चाकात किंवा चेनमध्ये जाऊ शकतं. मागे बसणाऱ्या मायला, मावशीला निघण्याआधी पदर खोचायला सांगा. लाजू नका सांगायला.

हात

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचे ब्रेक, क्लच, हॉर्न, इंडिकेटर सगळं बोटांवर आहे. ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला की ८ मीटर गेले. त्या दिवशी माझ्यात आणि ट्रॉलीत तेवढंही नव्हतं.

नुसते लोकरीचे हातमोजे चालत नाहीत, त्यातून वारं जातं. मी काय करतो सांगतो. कृषी केंद्रात फवारणीसाठी रबरी हातमोजे मिळतात. नवे घ्या, औषध लागलेले अजिबात नको. लोकरीच्या पातळ मोज्यावर ते सैलसर चढवा. दिसायला कंपाउंडरसारखं दिसतं, पण वारंही नाही आणि पाणीही नाही. मोजा घट्ट नको. घट्ट मोज्यात रक्त फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात.

दुसरं, हँडलला लावायची रेक्झिनची कव्हरं. गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळतात. हात त्यात घालून बसायचं. फार उपयोगी, पण लावल्यावर दोन गोष्टी तपासा. एक, वाऱ्याने कव्हर मागे दाबलं जाऊन ब्रेकचा लिव्हर तर दाबला जात नाही ना. दोन, हात पटकन बाहेर येतो ना. घरासमोर दहा वेळा आत-बाहेर करून बघा, मग रस्त्यावर जा.

ज्यांना खर्चच करायचा नाही त्यांनी ५ लिटरच्या तेलाच्या कॅनचे दोन अर्धे भाग कापून हँडलपुढे पक्के बांधले तरी वारं फुटतं. आमच्याकडे कापणीवरची अर्धी पोरं असंच करतात.

आणि एक करू नका. थांबून सायलेन्सरला हात शेकू नका. बधिर हाताला चटका कळत नाही, कळतो तेव्हा कातडी गेलेली असते. शेकोटीचंही तसंच. घरात कुणाला शुगर असेल, पायाला जाणीव कमी असेल, तर त्यांना शेकोटीपासून जरा लांबच बसवा. हात गरम करायचे तर काखेत धरा, दोन-तीन मिनिटं. सगळ्यात स्वस्त हीटर.

पाय, डोकं आणि काच

गुडघ्यांवर वारं सरळ येतं. तरुणपणी कळत नाही, पण तासभर गार पडलेला गुडघा गाडीवरून उतरताना कुरकुरतो. रेनकोटची पँट जीन्सवर चढवा, विषय संपला. जीन्स म्हणजे जाड कापूसच, ती एकदा ओली झाली की दुपारपर्यंत वाळत नाही. पायात चप्पल नको. मोजा कोरडा हवा. बूट फाटका असेल तर मोज्यावर प्लास्टिकची पिशवी आणि मग बूट, तासाभराच्या रस्त्याला चालतं.

हेल्मेट तर घालायचंच. पोलीस आहेत म्हणून नको, डोकं आहे म्हणून घाला. थंडीत तीच तुमची कानटोपी. आत पातळ सुती रुमाल बांधलात तर कानही झाकतात.

अडचण काचेची. श्वासाची वाफ काचेवर बसते आणि बाहेर धुकं, म्हणजे आंधळी कोशिंबीर. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब काचेच्या आतून लावा आणि कोरड्या मऊ फडक्याने पुसून घ्या, नुसता पातळ थर राहिला पाहिजे. वाफ बरीच कमी धरते. नाकावर रुमाल बांधत असाल तर श्वास खाली जाईल असा बांधा. आणि काच बोटभर उघडी ठेवा. वारं लागेल, पण दिसेल. गारठणं आणि न दिसणं यात निवडायचं असेल तर गारठा.

ओलं होणं

तुम्ही म्हणाल, हिवाळ्यात कुठला पाऊस? बरंय, मग मला रोज भिजवतं कोण?

केळीच्या बागेत पहाटे शिरून बघा. पानापानावर दव साठलेलं असतं. एका पानाला धक्का लागला की मानेवरून पाणी सरळ पाठीत. दहा मिनिटांत शर्ट ओला. आणि परत गाडीवर बसायचं. म्हणून मी बागेत जाताना रेनकोटचा वरचा भाग घालूनच जातो. केळीच्या चिकाचे डागही कपड्यांवर पडत नाहीत, हा वरचा फायदा.

धुक्यातून चाळीस मिनिटं चाललात तरी स्वेटरवर बारीक थेंबांची साय धरते. आणि अवकाळी तर आपल्याकडे आता नवी राहिली नाही. रब्बीचा गहू-हरभरा उभा असताना ढग येतात आणि अर्ध्या तासात सगळं भिजवून जातात. जुलैत भिजलात तर सर्दी होते, जानेवारीत भिजून ५५ किलोमीटर गाडी चालवलीत तर गोष्ट वेगळी आहे.

आमचीच एक फजिती सांगतो. अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचे झरे आहेत, सगळ्यांना माहितीये. एका जानेवारीत आम्ही चार मित्र रविवारी तिथे गेलो. गरम पाण्यात मस्त डुंबलो. अंधार पडला तसं घाईघाईने कपडे चढवले, केस ओले, आतले कपडे ओले, टॉवेल खांद्यावर, आणि निघालो चोपड्याकडे. इतकं गरम पाणी अंगावर घेऊन आलेल्या माणसांनी अर्ध्या रस्त्यात एका हॉटेलसमोर गाड्या टाकल्या आणि भट्टीजवळ जाऊन बसलो. मालकाने विचारलं, "काय रे पोरांनो, तापीत पडनात का?"

तेव्हापासून माझ्या डिकीत एक पिशवी कायम असते. त्यात एक कोरडी जर्सी, एक मोज्यांची जोडी, एक रुमाल. पिशवीला गाठ, वरून दुसरी पिशवी. भिजलो की थांबायचं, आडोसा बघायचा, अंगाला चिकटलेला थर आधी बदलायचा. वरचं जॅकेट ओलं असलं तरी चालेल, आतलं कोरडं पाहिजे. घरी आल्यावर बुटात पेपर कोंबून ठेवा, सकाळपर्यंत बरंचसं पाणी ओढून घेतो. बूट चुलीजवळ ठेवू नका, तळवा सुटतो.

कधी थांबायचं

पहाट किती थंड असते हे सगळ्यांना माहीत आहे, पण सगळ्यात गार वेळ मध्यरात्रीची नसते. जमीन रात्रभर ऊब सोडत राहते, ती थेट सूर्य उगवेपर्यंत. म्हणजे उजाडताना पारा सगळ्यात खाली. जमत असेल तर साडेसहाऐवजी साडेआठला निघा. तेवढ्यात हवा बरीच बदललेली असते, धुकंही विरलेलं असतं आणि उसाची ट्रॉली दिसते तरी. गार हवा जड असते, ती नाल्यात, नदीकाठी, सखल जागी साचते. उतार लागला की थंडी वाढणार आणि धुकंही तिथेच असणार, हे धरूनच चला.

दर अर्ध्या तासाने थांबा. पाच मिनिटं. चहा घ्या, उड्या मारा, हात गोल फिरवा. ही परीक्षा करा: अंगठा एकेक करून चारही बोटांना टेकवा. करंगळीला टेकत नसेल तर गाडी चालवायची नाही. एवढं साधं आहे.

अंग थरथरणं म्हणजे शरीर स्वतः ऊब तयार करतंय. ती पहिली घंटा, तेव्हाच थांबा. पण थरथर थांबली, बोलताना जीभ जड झाली, माणूस उगाच चिडतोय किंवा झोपाळतोय, तर समजा आतलं तापमान उतरतंय. ते ३५ च्या खाली गेलं तर दवाखान्याचं काम आहे. त्याला गाडीवरून उतरवा, कोरडे कपडे घाला, गोधडीत गुंडाळा, शुद्धीत असेल तर गोड गरम चहा द्या आणि चारचाकी मागवा. आणि कुणी "एक पेग मार, गरम वाटेल" म्हणालं तर ऐकू नका. दारूने कातडीकडे रक्त धावतं, म्हणून गरम वाटतं. खरं तर आतली ऊब बाहेर जात असते. सिगारेटने उलट बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. दोन्हींचा उपयोग शून्य, आणि दारू पिऊन गाडी चालवायची नाही हे काय सांगायला पाहिजे?

मागे कोण बसलंय

शेवटचा मुद्दा. माझ्यासाठी सगळ्यात मोठा.

गाडी चालवणारा हलत असतो. गियर, ब्रेक, हँडल, डोकं चालू असतं. मागचा नुसता बसून असतो. त्याला छातीवर वारं कमी लागतं म्हणून आपल्याला वाटतं तो मजेत आहे. पण त्याचे गुडघे आणि हात बाहेरच असतात, आणि तो बोलत नाही. विशेषतः आपल्या घरातल्या बायका बोलत नाहीत. "लागतेय का थंडी?" विचारलं तर "नाही" म्हणतील. म्हणून विचारू नका, थांबा आणि हात हातात घेऊन बघा.

लहान मूल टाकीवर पुढे बसवून पहाटे शाळेत सोडणारे बाप रोज दिसतात. त्या पोराला तुम्ही स्वतःसाठी वारं अडवायची ढाल केलंय, हे लक्षात येतंय का? त्याला दोघांच्या मधे बसवा. चार वर्षांच्या आतल्या मुलाला घेऊन जाताना लहान मुलाचं हेल्मेट, बांधायचा पट्टा आणि वेग जास्तीत जास्त ४० असा केंद्राचा नियमही आहे. नियम जाऊ द्या, त्याचे कान बघा किती लाल झालेत.

आणि परीक्षा असेल, मुलाखत असेल, भरतीचं मैदान असेल, तर शक्यतो आदल्या दिवशी जा. मावशीकडे झोपायला जागा असते. गाडीनेच जायचं ठरलं तर तासभर आधी पोचा. वीस मिनिटांत हात मोकळे होत नाहीत, ते आम्ही बघितलंय. कोमट पाण्यात हात बुडवा, चहाचा ग्लास धरा, मग आत जा. हॉलतिकीट डिकीत ठेवा, कुणाच्या हातात देऊ नका.

बहिणीचं काय झालं ते सांगून थांबतो. ती आता जळगावला एका खाजगी ऑफिसात काम करते, सरकारी जागांचे फॉर्मही भरते. सोमवारी पहाटे मीच तिला सोडायला जातो. आता आम्ही सातनंतर निघतो, धानोऱ्याला चहाला थांबतो. मागच्या सोमवारी थांबलो तेव्हा मी सवयीने तिचा हात बघायला गेलो. तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, "आधी तुझा दाखव." मी मोजा काढला. अंगठा करंगळीला टेकत नव्हता. बडबडीच्या नादात मी हँडलची कव्हरं लावायलाच विसरलो होतो.

पुढचे पंचवीस किलोमीटर तिने गाडी चालवली. मी मागे बसलो, हात खिशात घालून.

चला मंडळी. पुढच्या एपिसोडला भरीत पार्टीवर बोलू, खूप जणांची मागणी आहे. तुमच्याकडे थंडीतला काही जुगाड असेल तर व्हॉइस नोट पाठवा. आणि हा एपिसोड तुमच्या त्या मित्राला पाठवा जो "काही होत नाही, सवय आहे" म्हणतो. प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो.

जपून चालवा. येतो.